पहारेकऱ्याची पाठ

पेटी हलकी लागली. केर काढायला म्हणून बाईंनी लेकीच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, नेहमीच्याच बेतानं, एक पाय भिंतीला टेकवून आणि कंबरेला आधीच बजावून, आणि पेटी अशी सरकन पुढं आली की बाई मागच्या मागं बसल्या. हातात झाडू तसाच. पेटीला कुलूप नव्हतं. या घरात कशालाच कुलूप चालत नसे. ज्याला लपवायचं असेल त्यानं दुसरं घर बघावं, असं बाई लेकीला ती एवढीशी होती तेव्हापासून सांगत आल्या होत्या. झाकण नुसतं वर करायचं होतं. पण सव्वीस वर्षं कारखान्याच्या दारात ज्या हातांनी शेकडो बायकांचे डबे, पिशव्या, खिसे, अस्तरं, अगदी अंबाडेसुद्धा चाचपले, त्या हातांना एक पत्र्याचं झाकण उचलवेना. त्यांनी पेटी पायानं आत लोटली. आतही ती तशीच गेली, रिकाम्या काडेपेटीसारखी. उघडून काय बघायचं होतं? वजन हाताला कळलं होतं, आणि बाईंच्या हाताची चूक झाल्याचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कपाट मात्र भरलेलं दिसलं. बाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या तेव्हा कुठं लक्षात आलं की काय बिघडलंय. मागच्या महिन्यापर्यंत इथं बोट घालायला जागा नव्हती. आता प्रत्येक हँगर दुसऱ्यापासून चार बोटं अंतर राखून होता, अबोला धरलेल्या नातेवाइकांसारखा. करडा स्वेटर नव्हता. जाडी पँट नव्हती. वरच्या फळीवर पुस्तकं उभ्याची आडवी केली होती, म्हणजे थोडक्यात फळी भरते. बाईंना आधी कौतुकच वाटलं, एका कारागिराला दुसऱ्याच्या हातचं काम बघून वाटावं तसं, आणि त्याच्या मागोमाग उलगडा झाला. लेक घर सोडून चालली होती. एकदम नाही. थोडी थोडी. आणि हे ज्या घरातून चाललं होतं त्या घराच्या दारात कोण बसलेलं असायचं, तर कारखान्यातल्या बायका जिला पाठीमागं ‘दुर्बीण’ म्हणायच्या, ती.

तीन वर्षांपूर्वी लेकीनं सरळ सांगितलं होतं. चहा पीत असताना, कपाकडं बघत. "आई, ऑफिसजवळ एक खोली मिळतेय. छोटीच आहे. घ्यावी म्हणते." बाई उठल्या. कप विसळला, पालथा घातला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. डॉक्टरीणबाई आली, रक्तदाब मोजला, लेकीकडं बघून मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतून हँगर कपाटाच्या दांडीवर परत अडकवल्याचा आवाज आला, टक, टक, टक, आणि त्या आवाजानं बाईंना भूक लागली. पुढं तो विषय निघाला नाही. बाईंनी तो जिंकला असं धरलं होतं. आता हातात झाडू घेऊन उघड्या कपाटासमोर उभं असताना त्यांना वाटलं, त्या दिवशी ती हरली नव्हती. त्या दिवशी ती फक्त शिकली होती.

विचारावं का? तोंडावर विचारावं, कुठं चाललीस गं? विचारलं असतं तर ती कबूल झाली असती. खोटं बोलायची तिला सवय नाही, फक्त न बोलायची आहे. मग पुन्हा भिंत, पुन्हा डॉक्टरीणबाई, पुन्हा टक, टक. ते सगळं बाईंच्या हातात होतं, नुसती कड बदलून झोपायचं होतं. दिवसभर त्या हे हत्यार मनातल्या मनात उचलून बघत राहिल्या आणि खाली ठेवत राहिल्या. भांडी दोनदा घासली गेली. दूध उतू गेलं. आणि तीन वाजता, भिंतीवरच्या घड्याळानं ठोके दिले तशी लेक तिच्या खोलीतून वही घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आई, बसायचं का? आजचा सहावा दिवस."

हे बसणं म्हणजे काय, तर गेम. लेक एका गेम बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामाला होती. बनवलेला गेम खेळून खेळून त्यातल्या चुका हुडकायच्या. "म्हणजे तूही झडतीच घेतेस की," असं बाईंनी तिला नोकरी लागली त्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "मी बायकांची घ्यायचे, तू बाहुल्यांची घेतेस." आता कंपनीचा एक जुना गाजलेला गेम, ‘सावट’ नावाचा, तीन भाग आधीच निघालेले, चौथा निघायचा होता, आणि चौथ्या भागाला नवी माणसं यायला हवी होती, ज्यांनी आधीचं काहीच खेळलेलं नाही. नवखा माणूस कुठं अडतो, कुठं चिडतो, कुठं सोडून देतो, हे बघायला लेकीला एक असं माणूस हवं होतं ज्यानं आयुष्यात गेम हातात धरलेला नाही. "असं माणूस आता सापडत नाही गं आई," ती म्हणाली होती. "लहान पोरंही तयारीची असतात." बाई म्हणाल्या, "घरात एक अडाणी आहे म्हण की सरळ." दहा दुपारी, रोज एक तास; तेवढे दिवस लेक तीनच्या आत घरी येणार. आणि नियम एकच. लेकीनं शेजारी बसून फक्त बघायचं. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, हुं की चूं करायचं नाही. केलं तर चाचणी बाद.

गेममध्ये एक बाई होती, काळ्या डगल्यातली, सडपातळ. तिनं एका किल्ल्यात शिरून कोठाराची किल्ली आणायची होती. कुणाला मारायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. नुसतं लपत जायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "हिला तोंड नाही का? दारात जाऊन मागत का नाही किल्ली?" लेकीनं वहीत काहीतरी लिहिलं. चालायला डावा अंगठा, मान वळवायला उजवा. जन्मभर ही दोन्ही कामं बाईंच्या एकाच जीवानं बिनतक्रार केली होती, आता त्यांच्यासाठी दोन वेगळे अंगठे नेमले होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. काळी बाई भिंतीला नाक लावून उभी राही, छताकडं बघत राही, गोलगोल फिरे. सूचना येत त्या मेल्यावर येत. पहारेकऱ्यानं मानगूट धरल्यावर स्क्रीनवर अक्षरं उमटत, की वाकून चाललात तर पावलांचा आवाज होत नाही. "आत्ता सांगतोस होय रे मेल्या!" बाई स्क्रीनला म्हणत. "आणि आधी काय दातखीळ बसली होती?" लेक लिहीत असे. दगडी फरशीवर पाऊल वाजतं, सतरंजीवर वाजत नाही, हे बाईंना तिसऱ्या दिवशी कळलं. खडा फेकला की पहारेकरी खड्याकडं जातो, हे चौथ्या दिवशी; आणि खडा चुकून स्वतःच्याच पायाशी फेकला की तो आपल्याकडं येतो, हे त्याच्या पुढच्याच मिनिटाला. पाच दिवसांत बाई एकसष्ट वेळा पकडल्या गेल्या होत्या. तो आकडा गेम स्वतःहून कोपऱ्यात दाखवी, निर्लज्जासारखा.

पकडलं जायचा त्यांना सराव नव्हता, हेच खरं दुखणं होतं. तयार शर्टांच्या त्या कारखान्यात सुटीचा भोंगा झाला की बायकांची रांग लागे आणि रांगेच्या तोंडाशी बाई उभ्या असत. हात वर. बाईंच्या हाताची पालथी बाजू काखेपासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, मग दुसरी बाजू. सहा सेकंदं. मग एक शब्द, ‘चल’. नाहीतर दुसरा शब्द, ‘थांब’. एवढे दोनच शब्द त्या दिवसभरात कामाचे बोलत. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला याहून जास्त शब्द लागतही नाहीत, असं त्या अभिमानानं सांगत. तोंडाकडं बघायचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी उमगलं होतं. तोंड बघितलं की हात मऊ पडतो. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ त्याच कामाचं बक्षीस. एका बाईनं, लांब वेणी होती तिची, अगदी कमरेखाली, पोटाला कापड गुंडाळून नेलं होतं. न्यायला बघितलं होतं. बाईंच्या हाताला पोटाचा घट्टपणा लागला आणि तो पोटाचा नव्हता. ‘थांब’. बस, एवढंच. वेणीवालीनं रडारड केली नाही, पाया पडली नाही, नुसते हात वरच ठेवून उभी राहिली, कुणी खाली घ्यायला सांगितलं नाही म्हणून. निळं फुलाफुलांचं कापड निघालं, एका लहान झग्यापुरतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मशीनवर दुसरी बसली. बाईंना मालकाच्या हातून हे घड्याळ मिळालं. ते कधी मागं पडलं नाही, कधी पुढं गेलं नाही, आणि घरात येणाऱ्याजाणाऱ्याला बाई ते कसं मिळालं ते सांगत. फुलाफुलांचं सांगत नसत.

आणि गेममध्ये पकडलं की काय होई, तर स्क्रीन एकदम खाली जाई. काळी बाई गुडघ्यावर पडलेली आणि वर पहारेकऱ्याचं तोंड, खालून दिसणारं, हनुवटी, नाकपुड्या, त्याच्या मागं दिवा. तो ओरडतही नसे. हात पुढं करून म्हणे, "थांब." पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून बाईंच्या हातून कंट्रोलर पडला होता. लेकीला वाटलं घाम आला असेल. तिनं तसं लिहिलंही. पण बाईंनी ते तोंड तोवर कधी त्या बाजूनं बघितलंच नव्हतं. सव्वीस वर्षं त्या स्वतःच्या तोंडाच्या आत उभ्या होत्या.

आज सहावा दिवस, आणि आज अंगठे हाताबाहेर गेले होते. डोक्यात पेटी होती. काळी बाई दुसऱ्या मजल्यावरच्या लांब ओवरीत उभी होती. टोकाला कोठाराचं दार, मध्ये एकच पहारेकरी, जाडा, पाय ओढत चालणारा. तो टोकापर्यंत जाई, वळे, परत येई. बाईंनी तिला नीट वाकवून सतरंजीवरून नेली आणि अर्ध्या वाटेत, दार समोर दिसताच, पळवली. त्यांचं नेहमी असंच होई. दार दिसलं की दुसरं काही दिसत नसे. फरशी वाजली. "कोण आहे तिकडं?" जाड्या वळला. बाईंनी कसंबसं तिला एका लाकडी कपाटात कोंबलं. पडदा काळा झाला. नुसती एक उभी फट, आणि फटीत जाड्याचे पाय. तो कपाटासमोर थांबला. कंदील वर केला.  मग तो म्हणाला, "कुणी नाही. भास झाला असेल," आणि पाय ओढत निघून गेला.

"काय मूर्ख माणूस आहे!" बाई फणकारल्या. "समोर पाऊल वाजलं, दार हललं, आणि म्हणे भास झाला. मी असते ना—"

लेकीनं बोलायचं नाही असा नियम होता. पण तिची पेन्सिल थांबली, आणि बाईंना ते बघावं लागलं नाही, ते ऐकू आलं.

जाड्या गेला होता. आता बाहेर पडायचं, एवढंच. बटण कुठलं तेही माहीत होतं. पण बाईंचा अंगठा उचलेना. फटीतून ओवरीचा एक तुकडा दिसत होता, दिव्याचा उजेड, सतरंजीची कड. आत काळोख होता, आणि त्या काळोखात काळ्या बाईचा श्वास वाजत होता, बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम घातला होता, बारीक, दाबलेला. असा श्वास बाईंनी कुठंतरी ऐकलेला होता. कुठं? मग आठवलं, आणि आठवायला नको होतं. लेक सात वर्षांची होती. शाळेतून चिठ्ठी आली होती, तिनं कुणाची तरी रंगपेटी आणली होती न विचारता. झडतीवालीची पोर! बाई घरी आल्या तेव्हा पोर दिसेना. एका नजरेत बाईंना कळलं ती कुठं आहे; कपाटाच्या दारात तिच्या परकराची कड चिमटली होती. बाईंनी दार उघडलं नाही. "कुठं गेली बरं ही?" असं मोठ्यानं म्हणत त्यांनी स्वयंपाक केला, भांडी आवरली, कपाटासमोरून दहादा गेल्या, मुद्दाम, पाय वाजवत. दोन तास. बसू दे, शिकू दे. मधूनच आतून तो श्वास येई. शेवटी पोर आपण होऊन बाहेर आली, तोंड पांढरंफटक, आणि रंगपेटी पुढं केली. बाईंनी ही गोष्ट किती जणांना हसत सांगितली असेल. पोरीची परकराची कड! आणि तीही हसायची, लहान असताना, आणि मोठेपणी, लोकांपुढं. ती हसताना कशी दिसायची हे आठवायचा बाईंनी आता प्रयत्न केला, आणि नुसता घड्याळाचा आवाज आठवला.

ओवरी रिकामी होती. जाड्या पलीकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. चार फेऱ्या झाल्या असतील, पाच. बाई कपाटातच. गुडघ्यात मुंग्या आल्या, खऱ्या गुडघ्यात, सोफ्यावर बसल्याबसल्या.

"आई," लेक म्हणाली, अगदी हळू. "तो गेलाय. बाहेर ये."

 मग लेकीच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळाला हात लावला. "बोलले मी. गेली चाचणी."

"जाऊ दे चुलीत," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "साहेबाला सांग, म्हातारीला चक्कर आली म्हणून बोलले."

"आलीय का चक्कर?" लेक झटकन पुढं झाली. त्या झटकन पुढं होण्यात तीन वर्षांपूर्वीचा सगळा धाक होता, रक्तदाबाचा, भिंतीचा. बाईंनी तो स्वच्छ बघितला. किती सोपं होतं! नुसतं हो म्हणायचं. डोकं मागं टेकायचं.

"मला काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. "चहा टाक जा. आणि साखर घाल माणसासारखी, तुझ्या त्या कंजूष चमच्यानं नको."

ती आत गेली. वही सोफ्यावर राहिली होती, उघडी. बाईंनी इकडं तिकडं बघितलं, आणि आपण इकडं तिकडं बघितलं याचाच त्यांना राग आला. स्वतःच्या घरात असं बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. अक्षर भराभर लिहिलेलं, पेन्सिलीचं. एकेक अक्षर लावत बाईंनी वाचलं. ‘दाराकडे बघते. पहारेकऱ्याकडे बघतच नाही. म्हणून दर वेळी त्याच ठिकाणी पकडली जाते.’ त्याच्या खाली जागा सोडून दुसरं काही होतं, ठळक, सावकाश लिहिलेलं, म्हणून सोपं गेलं. वर मथळा, ‘पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी’. कंपनीला द्यायचं असणार. ‘घाई करू नका. आधी नुसतं बघा. पहारेकरी दिसायला भयंकर असला तरी त्याची फेरी ठरलेली असते; ती पाठ करा. तो पाठ फिरवतो तेव्हा बारा मोजेपर्यंत वळत नाही. तेवढाच वेळ तुमचा. एका फेरीत सगळं उचलायला जाऊ नका. थोडं थोडं न्या, पुन्हा या. जिथून काही उचललंत तिथं मोकळी जागा दिसू देऊ नका. पकडले गेलात तर चिडून सोडून देऊ नका. पहिल्या वेळी सगळेच पकडले जातात.’

बाईंनी शेवटचं वाक्य दोनदा लावलं. पहिल्या वेळी सगळेच पकडले जातात. स्वयंपाकघरात कपबशी वाजली. त्यांनी वही होती तशी ठेवली, पेन्सिलही, तिरकी, जशी होती तशी. आणि वर घड्याळाकडं बघितलं, आणि त्यांना आपली फेरी दिसली. सकाळी सातला दूध. नऊला देवघर नाही, दर्शन नाही, बाईंचं दैवत म्हणजे केर, तो नऊला. अकराला गच्चीवर कपडे वाळत घालायचे, ठरलेले, बादली घेऊन, दोन जिने, पाऊण तास, कारण गच्चीवर शेजारीण भेटते आणि शेजारणीबरोबर जगाची झडती घ्यायची असते. आणि लेक ऑफिसला निघायची कधी, तर अलीकडं, गेले पाच-सहा आठवडे, अकराला. खालून जिन्यातून हाक यायची, "आई, निघते गं!" बाई वरूनच "हं" म्हणायच्या. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी निघताना दाराशी झडती व्हायची. लहानपणापासूनचा खेळ तो. हात वर, बाईंचा हात काखेपासून खाली, पोर खिदळायची, बाई म्हणायच्या ‘चल’, आणि ती शाळेत पळायची. पुढं खिदळणं गेलं, हात वर करणं राहिलं. एकतीस वर्षांची बाई, दाराशी, हात वर, भिंतीकडं बघत. आणि गेले पाच-सहा आठवडे तेही नाही, आणि बाईंना ते जाणवलंसुद्धा नव्हतं. त्या आपल्या गच्चीवर, पहारा देत.

चहात साखर व्यवस्थित होती. लेक म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत ऑफिसात राहायचंय मला. मग उद्याचं बसणं राहील." बाई म्हणाल्या, "राहू दे." ती म्हणाली, "परवाचं मग बघू." त्या ‘मग बघू’मध्ये बाईंचा हात फिरला आणि आत काहीच लागलं नाही. रिकामं होतं. उद्याची शेवटची फेरी, बाईंनी ओळखलं.

सकाळ झाली. बाईंनी कपडे धुतले, पिळले, बादलीत रचले, आणि अकराला पाच कमी असताना बादली दारात ठेवून तिथंच स्टुलावर बसल्या. गच्चीवर गेल्या नाहीत. का बसलो, पुढं काय करायचं, काही ठरलं नव्हतं. पाठीत कळ येत होती. तोंडात शब्द तयार होते, वर्षानुवर्षं तयार असलेले. कृतघ्न, वाढवलं, खस्ता, मेल्यावर ये. ते एकामागून एक जिभेवर येत आणि रांगेतल्या बायकांसारखे उभे राहत. आतल्या खोलीत कपाटाचं दार हळूच लागलं. सतरंजीवरची पावलं. मग फरशीवरची, आणि ती फरशीवर आल्याआल्या थांबली.

लेक कोटात होती. लांब, जाडा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. तिनं बाईंना बघितलं, बादलीला बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाला बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि बाईंनी बघितलं, की हेच ते तोंड, कपाटातून बाहेर आलेलं, सात वर्षांचं. त्यांनी आज तोंडाकडं बघितलं होतं. पहारेकऱ्यानं करू नये ती चूक.

"कपडे नाही घातलेस वाळत?" लेक म्हणाली.

"ढग आहेत."

ढग नव्हते. दोघींनी खिडकीतून लख्ख ऊन बघितलं. लेक दाराशी आली. खांद्याला नेहमीचीच छोटी पिशवी, काखेत काही नाही. बाई उठल्या. आणि लेकीचे हात, तिनं वर केले असं नाही, ते आपोआप वर गेले. ती भिंतीकडं बघत राहिली.

बाईंच्या हाताची पालथी बाजू काखेपासून खाली निघाली. कोटाखाली एक स्वेटर. स्वेटराखाली दुसरा. त्याच्याखाली शर्ट, त्याच्या आत आणखी एक बाही. हात खाली आला आणि कमरेशी थांबला. तिथं काहीतरी गुंडाळलेलं होतं, घट्ट, तीन-चार वेढे. कापड. हाताला लोकर कळली. कडेची वीण कळली, एका ठिकाणी सुटलेली आणि जाड दोऱ्यानं रफू केलेली; ते रफू या हातानंच केलं होतं. बाईंची शाल. तपकिरी, विटकी, थंडीत घरात पांघरायची. ती खुंटीवर नाही हे बाईंना आत्ता, या क्षणी, बोटांतून कळलं. एवढं सगळं नीट नेणाऱ्या पोरीनं हे कशाला उचललं होतं? त्यात ऊबसुद्धा राहिली नव्हती. नुसता वास होता, बाईंचा.

हात तिथंच होता. सहा सेकंदं केव्हाच होऊन गेली होती. लेकीचा श्वास बाईंना ऐकू येत होता, बारीक, दाबलेला. तिला माहीत होतं. या हाताची चूक होत नाही, हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं! ती दुसऱ्या शब्दाची वाट बघत होती. तो शब्द बाईंच्या घशात होता, अख्खा, गुळगुळीत, हजारदा वापरलेला. आणि बाईंना एकदम जाड्या आठवला, कंदील वर धरून कपाटासमोर उभा असलेला. मूर्ख म्हटलं होतं त्याला. कुणास ठाऊक, त्याला ऐकू आलंही असेल. फटीतून त्याला दोन डोळे दिसलेही असतील. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे. एवढ्या वर्षांच्या फेऱ्या.

बाईंनी हात काढून घेतला.

"चल," त्या म्हणाल्या.

लेकीचे हात खाली आले नाहीत. बाईंनी मग तिची दोन्ही मनगटं धरली आणि ते हात खाली घेतले, एक एक करून, जसे त्यांनी तेव्हा त्या वेणीवालीचे घ्यायला हवे होते. पुढं काही म्हटलं असतं तर आवाजाचा भरवसा नव्हता. म्हणून त्या वळल्या. दाराकडं, लेकीकडं, जिन्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं, आणि घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून मोजायला लागल्या. एक. दोन. घाई करायची नाही. पाच. सहा. बिजागरी कुरकुरली, नव्हे, ती बादलीची कडी होती. नऊ. दहा. अकरा. बारा.

जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. मागं, अगदी जवळ, कुणीतरी उभं होतं आणि श्वास घेत होतं.

बाई वळल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.